आक्षेप कात्रीला नाही

१९५८ च्या जून महिन्यात जे. आर. आर. टॉल्किन यांनी एका पटकथेच्या आराखड्यावर सविस्तर टिपण लिहून पाठवले. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवटचा खंड प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि काही अमेरिकी मंडळी त्या कादंबरीवर अ‍ॅनिमेशनपट काढू पाहत होती. आराखडा वाचून टॉल्किन चांगलेच वैतागले होते. ओर्क या दुष्ट जमातीला चोची आणि पिसे कशासाठी लावली, गरुडांना ऊठसूट का बोलावले जाते, जिथे तिथे लढायांचीच हौस कशाला, असे आक्षेप त्यांनी एकामागून एक नोंदवले आहेत. हे पत्र त्यांच्या निवडक पत्रांच्या १९८१ सालच्या संग्रहात वाचायला मिळते. आपल्या कादंबरीतला एक शब्दही हलू न देणारा लेखक भेटेल या अपेक्षेने ते वाचायला घेतले, तर एका ठिकाणी मात्र थबकायला होते. एंट या वृक्षपालांचा भाग आणि हेल्म्स डीपची लढाई या दोहोंना पुरेसा वेळ देता येत नसेल तर त्यांतले एक गाळावे, आणि गाळायचेच तर लढाई गाळावी, कारण मुख्य कथेच्या दृष्टीने ती प्रासंगिक आहे, असे टॉल्किन स्वतःच सुचवतात.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, २००२ मध्ये, पीटर जॅक्सन यांचा 'द टू टॉवर्स' पडद्यावर आला आणि लेखक जी लढाई सोडून द्यायला तयार होता, तीच त्या चित्रपटाचा कळस ठरली. कादंबरीत एका प्रकरणात आटोपणाऱ्या या लढाईभोवती चित्रपटाचा सारा उत्तरार्ध फिरतो. एंटांच्या बाबतीत उलट घडले. कादंबरीत ते तीन दिवस सभा भरवतात आणि आपला शेवट ओढवण्याची शक्यता ओळखूनही सारुमान या दुष्ट जादूगाराच्या आयसेनगार्ड या गडावर चालून जाण्याचा निर्णय स्वतः घेतात. चित्रपटात त्यांची सभा युद्धात न पडण्याचे ठरवते, आणि पिपिन हा हॉबिट, म्हणजे बुटक्या माणसांच्या जमातीतला तरुण, त्यांच्या म्होरक्या ट्रीबिअर्डला युक्तीने तोडलेल्या झाडांपाशी घेऊन जातो तेव्हा कुठे ते पेटून उठतात. चित्रपट पुस्तकाशी किती इमान राखतात या चाहत्यांच्या वादात हेल्म्स डीपला एल्फांची फौज आलीच कशी, यावर तावातावाने बोलले जाते. एंटांचा निर्णय त्यांच्याकडून काढून घेतला गेला, याची चर्चा त्या मानाने फार थोडी होते, आणि माझ्या मते ही उलटी प्रमाणे या संपूर्ण वादाचे दुखणे नेमके दाखवतात.

हा वाद मला निरर्थक वाटत नाही. अद्भुतकथांच्या या मालिकांमधून वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी मोह, धैर्य आणि दया यांविषयी पहिल्यांदा गंभीरपणे विचार केला आहे, आणि पुढच्या पिढीतल्या अनेकांना त्याच कथा आधी पडद्यावर भेटणार आहेत. म्हणून पडद्यावर कोणती कथा सांगितली जाते, याची विचारपूस करण्याचा वाचकांना पुरेपूर अधिकार आहे. माझी तक्रार आहे ती आपण हाती घेतलेल्या मापाविषयी. कोणते पात्र वगळले, कोणता संवाद दुसऱ्याच्या तोंडी घातला, कोणाच्या केसांचा रंग चुकला, यांची यादी करून इमान मोजता येत नाही. कादंबरीत एक घटना दुसरीतून का निघते, कोणाची कोणती कृती कोणत्या परिणामाला कारण ठरते, ही साखळी चित्रपटाने राखली की तोडली, हे पाहायला हवे. घटना गाळणे हे तर रूपांतर करणाऱ्याचे कामच आहे. घटना जागच्या जागी ठेवून तिचे कारण बदलणे ही मोडतोड त्याहून कितीतरी गंभीर असते, आणि तीच बहुधा नजरेतून निसटते, कारण वरवर पाहता सगळे जिथल्या तिथे दिसत असते.

या वादात एक बाजू पुस्तकाला पोथी मानते, आणि तिच्या म्हणण्याचा विचार फार वेळ करण्याची गरज नाही. हजाराहून अधिक पानांची कादंबरी जशीच्या तशी पडद्यावर येऊ शकत नाही, हे तिलाही आत कुठेतरी मान्य असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक प्रतिष्ठित आहे आणि म्हणूनच अधिक नुकसानकारक. चित्रपट हे वेगळे माध्यम आहे, त्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा पुस्तकाशी तुलना करूच नका, असे ही बाजू सांगते. यातला पूर्वार्ध खरा आहे. पण त्यातून उत्तरार्ध निघत नाही. वर सांगितलेल्या पत्रातच टॉल्किन यांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. कोणत्याही माध्यमात कथनकलेची तत्त्वे सर्वस्वी वेगळी असू शकत नाहीत, आणि वाईट चित्रपट फसतात ते बहुधा अतिशयोक्तीमुळे आणि मूळ कृतीचा गाभा कुठे आहे हे न उमगल्याने घुसडलेल्या अनावश्यक मजकुरामुळे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. माध्यम वेगळे असल्यामुळे कॅमेरा काय दाखवू शकतो आणि वाक्य काय सांगू शकते यात फरक पडतो. एखाद्याने एखादी गोष्ट का केली, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच राहतो.

जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखिका फ्रॅन वॉल्श व फिलिपा बॉयेन्स यांना हे कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्ट सत्तेची अंगठी नष्ट करायला फ्रोडो हा हॉबिट निघतो, त्याच्या सोबत्यांपैकी एक योद्धा बोरोमिर, त्याचा मृत्यू पाहावा. कादंबरीत तो दुसऱ्या खंडाच्या अगदी सुरुवातीला येतो. लढाई वाचकाला दिसत नाही. सोबत्यांपैकीच एक, राज्याचा वारस अ‍ॅरागॉर्न पोहोचतो तेव्हा बोरोमिर बाणांनी विंधलेला, झाडाला टेकून शेवटच्या घटका मोजत असतो. चित्रपटाने हा प्रसंग उचलून पहिल्या भागाच्या शेवटी आणला, लढाई पूर्ण दाखवली आणि मरणाऱ्या बोरोमिरच्या तोंडी अ‍ॅरागॉर्नला आपला राजा म्हणणारे शब्द घातले, जे पुस्तकात नाहीत. प्रसंगाची जागा, लांबी आणि संवाद सगळे बदलले. कारण मात्र बदलले नाही. अंगठीच्या मोहाने घसरलेला एक शूर माणूस मेरी आणि पिपिनला वाचवताना प्राण देतो आणि आपली चूक कबूल करतो, हेच दोन्हीकडे घडते. मला तर चित्रपटातला हा प्रसंग पुस्तकातल्यापेक्षा सरस वाटतो, आणि असे म्हटल्याने पुस्तकावरचे प्रेम उणे होत नाही. जादूगार गॅन्डाल्फ आणि फ्रोडो यांच्यातल्या दयेविषयीच्या संवादाचेही तसेच आहे. पुस्तकात तो प्रवासाला निघण्यापूर्वी, हॉबिटांच्या शायर या प्रदेशातल्या घरात होतो. चित्रपटात मोरियाच्या अंधारात, अंगठीच्या मोहाने ग्रासलेला आणि तिच्या मागावर असलेला गॉलम फ्रोडोला नुकताच दिसल्यावर. फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने ज्याला दया दाखवली तो प्राणी समोर असताना त्या दयेचा अर्थ सांगितला जातो. हे स्थलांतर कारणाची साखळी घट्ट करणारे आहे.

टॉम बॉम्बाडिलच्या वगळण्याबद्दल आता खरे तर वाद उरू नये. १९८१ साली बीबीसीने केलेल्या नभोनाट्य मालिकेनेही त्याला गाळले होते, आणि कथानकाच्या दृष्टीने हे पात्र महत्त्वाचे नाही, असे टॉल्किन यांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवले आहे. तरीही या वगळण्याची एक बारीक शेपटी पुढे लोंबते. पुस्तकात बॉम्बाडिल हॉबिटांना प्राचीन थडग्यातून सोडवतो आणि तिथल्या जुन्या तलवारी त्यांना देतो. त्यांतलीच एक मेरी पुढे पेलेनॉरच्या रणात नाझगुल या शत्रूच्या भुतासारख्या स्वारांच्या राजाला खुपसतो, आणि त्या राजाच्या शत्रूंनी शतकांपूर्वी घडवलेली ती तलवार होती म्हणूनच त्याचे अदृश्य शरीर बांधून ठेवणारा मंत्र तुटला, असे लेखक स्पष्ट सांगतो. चित्रपटात वेदरटॉपवर अ‍ॅरागॉर्न हॉबिटांना साध्या तलवारी देतो, त्यामुळे मेरीचा वार लागू पडतो तो का, याला उत्तर मिळत नाही. हे नुकसान लहान आहे आणि वेळेच्या हिशेबात ते सोसण्याजोगे होते. कात्री फिरवतानाही कोणता धागा कुठवर गेला आहे ते पाहावे लागते, एवढे त्यातून दिसते.

बोरोमिरचा भाऊ फॅरामिर याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि चाहत्यांचा राग इथे मला बराचसा न्याय्य वाटतो. कादंबरीत फॅरामिर फ्रोडोला सांगतो की शत्रूचे हे शस्त्र रस्त्यात पडलेले दिसले तरी मी ते उचलणार नाही. ती वस्तू नेमकी काय आहे हे कळण्याआधीच त्याने हे म्हटलेले असते. मग फ्रोडोचा सेवक आणि सोबती सॅम याच्या तोंडून चुकून अंगठीचे नाव निघून जाते. दोन हॉबिट एकटे, भोवती त्याचे सशस्त्र सैनिक, आणि ज्या वस्तूपायी भाऊ गेला ती हाताच्या अंतरावर. फॅरामिर उठून उभा राहतो. एक क्षण काहीही घडू शकेल असे वाटते. मग तो हळूच हसतो, पुन्हा खाली बसतो आणि आपले आधीचे शब्द आपल्याला शपथेसारखे बांधून ठेवतील असे सांगतो. त्याच्या नकाराचे कारण त्याच्या स्वभावात आहे. सत्तेपेक्षा शब्दाची किंमत अधिक मानणारा माणूस असू शकतो, हे लेखकाला त्याच्यातून दाखवायचे आहे.

चित्रपटात तो हॉबिटांना कैद करून ऑस्गिलियाथपर्यंत फरफटत नेतो आणि तिथे एका नाझगुलचा हल्ला आणि सॅमचे बोलणे यांनंतर त्यांना सोडतो. पटकथाकारांनी या बदलाची दोन कारणे दिली. शेलॉब या राक्षसी कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्याने दुसऱ्या भागात फ्रोडो आणि सॅमच्या वाट्याला कळस उरत नव्हता, हे पहिले. अंगठीचा मोह अनावर आहे असे प्रेक्षकांच्या मनावर ठसवल्यानंतर एखाद्याने ती सहज नाकारली तर तिची भीतीच संपेल, हे दुसरे. पहिले कारण रचनेचे आहे आणि ते मला पटते. दुसरे मात्र त्यांच्याच चित्रपटाने खोडून काढले आहे. पहिल्या भागाच्या शेवटी फ्रोडो तळहातावर अंगठी धरून अ‍ॅरागॉर्नपुढे उभा राहतो, अ‍ॅरागॉर्न गुडघे टेकतो आणि फ्रोडोची बोटे तिच्यावर मिटवतो. त्या नकाराने अंगठीची भीती तसूभरही कमी झालेली नाही. उलट नकार द्यायला किती बळ लागते ते अभिनेत्याच्या चेहऱ्यावर दिसते. गॅन्डाल्फ आणि एल्फांची राणी गॅलाड्रिएल यांचे नकारही असेच अंगावर येतात. म्हणजे नकार नाट्यमय करता येतो हे या मंडळींना ठाऊक होते आणि जमतही होते. विस्तारित आवृत्तीत वडील डेनेथॉर आणि बोरोमिर यांच्यासोबतचा एक पूर्वप्रसंग जोडून त्यांनी फॅरामिरच्या वागण्यामागे बापाची मर्जी मिळवण्याची धडपड ठेवली, आणि ती विश्वसनीय आहे, हे मान्य करायला हवे. पण अंगठी स्वतःहून नाकारणारा सामान्य मर्त्य सेनानी कथेतून गेला तो गेलाच.

माझ्या मते सगळ्यात मोठी मोडतोड मात्र शत्रूच्या मुलखात शिरणाऱ्या सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर झाली आहे. पुस्तकातला प्रसंग असा. थकलेला फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोके ठेवून झोपला आहे, आणि सॅमलाही डुलकी लागली आहे. गॉलम परत येतो आणि त्या दोघांकडे बघत राहतो. त्याच्या डोळ्यांतली हिरवी चमक विझते, आणि लेखक सांगतो की त्या घटकेला कोणी पाहिले असते तर आप्तेष्ट आणि तारुण्य मागे टाकून आलेला एक दमलेला म्हातारा हॉबिटच दिसला असता. तो हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हलकेच स्पर्श करतो. फ्रोडो झोपेत चाळवतो, सॅम जागा होतो आणि मालकाच्या अंगाला हात लावणाऱ्या गॉलमवर खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा ती हिरवी चमक येते, आणि तो क्षण कायमचा निघून जातो. पश्चात्तापाच्या इतक्या जवळ येऊन गॉलम मागे फिरला याचे आपल्याला सर्वाधिक दुःख होते, असे टॉल्किन यांनी एका पत्रात म्हटले आहे. या प्रसंगात दुष्ट कोणीच नाही. सॅमची निष्ठाच त्याला संशयी बनवते, आणि त्या निष्ठेतून निघालेल्या एका कठोर वाक्याने गॉलमच्या सुटकेची शेवटची शक्यता बंद होते. अद्भुतकथेत भल्याबुऱ्याचे रंग नेहमी ढोबळ असतात असे म्हणणाऱ्याने हे एक पान वाचावे.

२००३ च्या 'द रिटर्न ऑफ द किंग' या चित्रपटात त्याच पायऱ्यांवर गॉलम लेंबास ही एल्फांची प्रवासातली भाकरी दरीत फेकतो, तिचा चुरा झोपलेल्या सॅमच्या कपड्यांवर टाकतो आणि चोरीचा आळ त्याच्यावर आणतो. फ्रोडो त्यावर विश्वास ठेवून सॅमला घरी परत जायला सांगतो. यामुळे फ्रोडो शेलॉबच्या गुहेत एकटा शिरतो आणि भीती वाढते, हा फायदा खरा आहे. पण किंमत पाहा. सॅमच्या चांगुलपणातून उद्भवलेल्या शोकांतिकेच्या जागी एका कपटी प्राण्याची चाल आली, फ्रोडोची गॉलमविषयीची समज भोळसटपणा ठरली, आणि सॅम निर्दोष राहिला. स्थळ तेच, पात्रे तीच, निघणारी वाटही तीच. तरी कोण कशाला जबाबदार, हे सगळे पालटले. याच गॉलमचे स्वतःशीच चाललेले भांडण आधीच्या भागात अँडी सर्किस यांच्या अभिनयातून इतक्या ताकदीने उभे करणाऱ्या दिग्दर्शकाने पुढे हे करावे, याची खंत मला प्रत्येक वेळी नव्याने वाटते.

या बदलाचे पडसाद अंगठी जिथे नष्ट करायची त्या माउंट डूम या ज्वालामुखीपर्यंत पोहोचतात. पुस्तकात डोंगर चढताना सॅमच्या हाती गॉलमला मारण्याची पूर्ण संधी येते. तोवर सॅमने स्वतः काही काळ अंगठी वाहिलेली असते. गॉलमने काय सोसले असेल याची अंधूक कल्पना त्याला येते आणि त्याचा हात उगारलेला राहतो. पायऱ्यांवर ज्याने दया नाकारली तोच इथे ती देतो. बिल्बो, फ्रोडो आणि शेवटी सॅम अशा तिघांनी जिवंत सोडलेला गॉलम अग्निकुंडाच्या काठावर फ्रोडोचे बोट तोडून अंगठी घेतो, आनंदाने नाचतो, त्याचा तोल जातो आणि तो अंगठीसह पडतो. कोणी त्याला ढकलत नाही. फ्रोडो शेवटच्या क्षणी हरलेला असतो, आणि जग वाचते ते आधी केव्हातरी दाखवलेल्या दयेमुळे. चित्रपटासाठी आधी फ्रोडो गॉलमला ढकलतो असे चित्रित झाले होते. ते खुनासारखे दिसते हे ओळखून निर्मात्यांनी पुन्हा चित्रीकरण केले आणि दोघांची झटापट दाखवली. त्यांनी थांबून विचार केला याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तरीही झटापटीत पडणे आणि आपसूक पडणे यांत अंतर आहे, आणि सॅमच्या दयेचा क्षण तर चित्रपटात नाहीच. मोरियाच्या अंधारात गॅन्डाल्फने बिल्बोच्या दयेबद्दल जे सांगितले होते, ते इथे अर्धेच फळाला आले.

आता शायरच्या मुक्तीविषयी. नायक घरी परततात तेव्हा त्यांचे स्वतःचे गाव सारुमानने उद्ध्वस्त केलेले असते, हा भाग चित्रपटांनी पूर्ण वगळला. कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी तो कथानकाचा आवश्यक आणि सुरुवातीपासून योजलेला भाग असल्याचे सांगितले आहे. चाहत्यांच्या आरोपपत्रात बहुधा हाच पहिला गुन्हा असतो. मी याला तोटा म्हणेन, फार मोठा तोटा. पण मोडतोड म्हणणार नाही. तिसरा चित्रपट आधीच २०१ मिनिटांचा होता. शिवाय चित्रपटाने या जागी खोटे कारण आणून बसवले नाही. त्याने शायर अबाधित ठेवले आणि चार हॉबिट खाणावळीत नि:शब्द बसलेले दाखवले, भोवतालच्या कोणालाही ते कुठून आले याची जाणीव नसताना. फ्रोडोची जखम भरत नाही आणि म्हणून तो निघून जातो, हे कारण तसेच राहिले. एखादे दालन बंद ठेवणे आणि दालनाच्या भिंती हलवणे यांतला हा फरक आहे, आणि तो न केल्यामुळे आपण दोन्ही गोष्टींवर सारखेच ओरडतो.

गाळणे हाच खरा अपराध असता तर 'द हॉबिट'चे चित्रपट चाहत्यांना सर्वाधिक आवडायला हवे होते. १९३७ साली आलेले ते पुस्तक सुमारे तीनशे पानांचे आहे. दोन भागांत ठरलेले चित्रपट २०१२ च्या जुलैमध्ये तीन भागांचे झाले, आणि २०१२ ते २०१४ या काळात आलेल्या तिन्हींची मिळून लांबी १६९, १६१ आणि १४४, म्हणजे ४७४ मिनिटे भरली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांना चित्रपटगृहात मिळून ५५८ मिनिटे मिळाली होती. एवढ्या ऐसपैस जागेत पुस्तकातले जवळजवळ सगळे मावले, आणि वर टॉरिएल नावाची नवी योद्धी आणि तिच्याभोवतीचे प्रेमप्रकरणही आले. बिल्बो मात्र त्याच्याच नावाच्या कथेत वारंवार कडेला पडला. १९५८ च्या पत्रातला घुसडलेल्या मजकुराविषयीचा इशारा या तीन चित्रपटांना अक्षरशः लागू पडतो.

कारणांची साखळी तुटली की काय होते याचा सर्वांत ठळक दाखला 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्या अपूर्ण असताना मालिका पुढे निघून गेली. शेवटाचे मुख्य टप्पे त्यांनी निर्मात्यांना सांगितलेले होते. त्या टप्प्यांपर्यंत नेणारी वाट मात्र लिहिलेली नव्हती, आणि आधीच्या प्रत्येक हंगामात दहा भाग असताना शेवटच्या दोन हंगामांत सात आणि सहाच भाग उरले. सिंहासनाची दावेदार राणी डेनेरिस शरण आलेले शहर जाळते ही घटना अशक्य नव्हती. तिथवर ती कशी पोहोचली हे दिसले नाही. २०१९ मध्ये शेवटचा हंगाम नव्याने बनवा, या मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. अशा मागणीला मी पाठिंबा देणार नाही, कारण सह्यांच्या संख्येने कलाकृती दुरुस्त होत नसते. पण त्या सह्यांमागची तक्रार ऐकण्यासारखी होती: काय घडले यापेक्षा ते का घडले हे आम्हाला दाखवले गेले नाही.

वर्णाचा प्रश्न टाळून हा लेख पूर्ण होणार नाही, कारण अलीकडे वाद तिथेच सर्वाधिक विषारी होतो. उर्सुला के. ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेत बहुसंख्य माणसे सावळी किंवा काळी आहेत आणि नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे. २००४ च्या दूरचित्रवाणी रूपांतराने त्याला गोरा केले, तेव्हा ले ग्विन यांनी जाहीर लेख लिहून निषेध केला. त्यांनी ही निवड पहिल्यापासून जाणूनबुजून केली होती. अद्भुतकथेचा नायक गोराच असतो या समजाला उत्तर म्हणून ते पात्र उभे होते. २०२२ मध्ये टॉल्किन यांच्याच कथाविश्वावरच्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांवर तुटून पडलेल्यांनी आपणही मूळ कृतीशी इमानच राखत आहोत असा दावा केला. तो टिकत नाही. कथेतली कोणती कृती, कोणता परिणाम त्या नटांच्या वर्णामुळे बदलला, हे त्यांना सांगता आले नाही, आणि हारफूट या गटातल्या हॉबिटांची त्वचा अधिक तपकिरी असल्याचे तर टॉल्किन यांच्याच प्रास्ताविकात आहे. पहिल्या चित्रपटांतल्या हॉबिटांची कामे करणाऱ्या चारही नटांनी त्या वेळी उघडपणे या कलाकारांची बाजू घेतली, हे योग्यच झाले. त्या मालिकेच्या कालक्रमावर आणि कथानकावर टीका करायला भरपूर जागा आहे. नटांना शिवीगाळ करणाऱ्यांनी तीच टीका ऐकली जाणार नाही अशी व्यवस्था केली.

ले ग्विन यांचीच आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. २००६ मध्ये जपानच्या स्टुडिओ जिब्लीने 'अर्थसी'वर चित्रपट काढला. तो पाहून त्यांनी दिग्दर्शक गोरो मियाझाकी यांना सांगितले की हे माझे पुस्तक नाही, हा तुमचा चित्रपट आहे, आणि तो चांगला चित्रपट आहे. पुढे त्यांनी आपल्या तक्रारीही सविस्तर मांडल्या, विशेषतः माणसाच्या आतल्या अंधाराचे रूपांतर मारता येण्याजोग्या खलनायकात केल्याबद्दल. सौजन्य आणि चिकित्सा त्यांनी एकाच वेळी सांभाळली. ख्रिस्तोफर टॉल्किन यांना ते जमले नाही. २०१२ मध्ये एका फ्रेंच दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी जॅक्सन यांनी पुस्तकाचा कोथळा काढून तरुणांसाठी मारधाडपट केला अशा अर्थाचे उद्गार काढले. वडिलांची हस्तलिखिते लावण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे दुःख मी समजू शकतो, आणि हेल्म्स डीपला मिळालेली जागा पाहता त्यांचे म्हणणे अर्धे खरेही आहे. पण बोरोमिरचा मृत्यू आणि अ‍ॅरागॉर्नचा तो नकार ज्यांनी चित्रित केला, त्यांना गाभा कळलाच नव्हता असे मला म्हणवत नाही.

आता गॉलमच्या शोधावर एक नवा चित्रपट अँडी सर्किस दिग्दर्शित करणार असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले आहे. पुस्तकात हा शोध गॅन्डाल्फ आणि अ‍ॅरागॉर्न यांच्या तोंडून थोडक्यात सांगितला जातो, त्यामुळे पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी पुष्कळ काही नव्याने रचावे लागणार, आणि त्याबद्दल आधीच कुरकुर करण्यात अर्थ नाही. पुस्तकातल्या त्या कथनात एक छोटा तपशील मात्र आहे. अ‍ॅरागॉर्नने पकडलेला गॉलम मर्कवुडच्या एल्फांच्या ताब्यात दिला जातो. गॅन्डाल्फने त्याच्या सुधारण्याची आशा सोडू नका असे सांगितलेले असते, म्हणून एल्फ त्याला सतत कोठडीत डांबून ठेवत नाहीत. हवा चांगली असली की त्याला रानात नेतात आणि एका उंच, एकट्या झाडावर चढू देतात. एके दिवशी तो खाली उतरायला नकार देतो, त्याच रात्री ओर्क हल्ला करतात आणि गॉलम निसटतो. त्याचे निसटणे एल्फांच्या सहृदयतेतून घडते. नव्या चित्रपटात प्रसंग कितीही लांबोत, पात्रे कितीही वाढोत. गॉलम त्या झाडावर का होता, याचे कारण तेवढे बदलू नये, एवढीच माझी मागणी आहे.